माणशी दोन हंडे

टँकरच्या ओल्या पाइपाचा रबरी वास आला की मला कॉलनीतली ती दुपार आठवते. जालन्याच्या कडेला पंधरा-वीस घरं, नळ नाही, उन्हाळ्यात माणशी दोन हंडे पाणी. शेजारच्या काकूंनी चार हंडे मांडले होते. "काकू, जल्दी सांगा, घरात माणसं किती?" टँकरवाल्यानं विचारलं. "दोन," त्या म्हणाल्या. मागं उभी असलेली मी, आपल्याला पाणी उरायचं न्हाई या धास्तीनं बोलून गेले, "काका तर मागच्याच महिन्यात वारले ना?" काकूंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दोन हंडे रिकामेच उचलून त्या घरात ठेवून आल्या. आमचे हे गेल्यावर परवा पहिल्यांदाच मी टँकरवर गेले. चार हंडे मांडले, "दोन" म्हणाले, आणि मागं कोण उभं आहे ते बघायची हिंमत झाली नाही.