तीन तुकड्यांत पास झालेला पिक्चर

कचेरीतल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात, कारण तिथं एकाचं काम तिघांना दिलेलं असतं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, चला, हा साठा आता काही वाढत नाही. मग आमच्या कळमनुरीच्या कॉलनीने लहान लेकरांसाठी पिक्चर निवडायची समिती नेमली आणि माझी पुन्हा सोय झाली.

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये पडदा लावायचा. प्रेक्षक बालवाडीपासून चौथीपर्यंतचे. समितीत तिघं: निवृत्त मुख्याध्यापक वाठोरे सर, कृषी खात्यातून निवृत्त झालेले राठोड साहेब आणि कारकून मी. लेकरांना काय आवडतं हे ज्यांना कळायची शक्यता सगळ्यात कमी, तेवढे निवडून घेतले होते.

*

आधी पाहिल्याशिवाय पिक्चर दाखवायचा नाही, हा सरांचा नियम. अख्खा पिक्चर पाहायला वेळ नाही, ही तिघांची अडचण. तिघेही रिकामे, तरी अडचण होतीच. मग कचेरीत करतात तसं काम वाटून घेतलं. सुरुवात मी पाहायची, मधला भाग राठोड साहेबांनी, शेवट सरांनी.

पहिला पिक्चर कुत्र्याच्या पिल्लाचा निघाला. मी सुरुवात पाहिली. पिल्लू चप्पल पळवतं, आजी मागे धावते. पास. सरांनी शेवट पाहिला. सगळं कुटुंब मिळून अंगणात झाड लावतं. सर खूश झाले. "पर्यावरणाचा उत्तम संदेश आहे. पास."

राठोड साहेब त्या दिवशी जवळा बाजार या गावी बाजार करायला गेले होते. फोनवरच म्हणाले, "सुरुवात बराबर, शेवट बराबर. मग मधी काय बिघडून राहिलं? पास."

पिल्लाला जिथं पुरलं तिथं ते झाड लावलं होतं, हे समितीला लेकरांसोबतच कळलं.

हॉलमध्ये एकच आकांत. माझी पाच वर्षांची नात जुई हुंदके देत विचारू लागली, "आजोबा, तुमी पाहिला होता ना?"

"पाहिला होता," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. माझ्या वाट्याचा पाहिलाच होता.

*

हॉलची किल्ली शोभाताईंकडे. महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तिघांना ओट्यावर बसवून घेतलं.

"कुंडीला पाणी घाल म्हणलं तर माझा नातू विचारून राहिला, आजी, हिच्याखाली कोण हाय?"

राठोड साहेब हसायला लागले, पण शोभाताईंचा चेहरा पाहून त्यांना खोकला आला.

"पुढं एक जण जरी रडला, तर पिक्चर बंद. हॉलमधी शिवणाचा क्लास लावते. बास."

जुई दारात उभी राहून ऐकत होती. कॉलनीतल्या लेकरांना टीव्ही-मोबाइलपेक्षा मोठा पडदा तेवढाच माहीत. त्या दिवसापासून ती मला सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "आजोबा, शिवण न्हाई ना लागणार?"

*

आता नियम कडक झाले. सर म्हणाले, "मूल आईवडिलांचं ऐकत नसेल, तर पिक्चर बाद."

आम्ही शोधायला बसलो. प्रत्येक पिक्चरमध्ये पाचव्या मिनिटाला पोरगं सांगितलेलं मोडायचं. एक जंगलात शिरलं, बाद. एक बोटीत बसलं, बाद. एकीने नको म्हटलेली पेटी उघडली, तीही बाद.

राठोड साहेब वैतागले. "सर, ऐकणाऱ्या पोराचा पिक्चर कोण काढंल? उठला, दात घासले, शाळेत गेला. खतम."

"असा मिळतो का बघा," सर म्हणाले. चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

*

पालकांचंही मत घ्यावं म्हणून राठोड साहेबांच्या सुनेला विचारलं. "मारामारी तेवढी नको, काका. लेकरांच्या मनावर परिणाम होतो." बोलता बोलता ती मुलाला भरवत होती. टीव्ही लागल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. टीव्हीवर एक सासू सुनेच्या खिरीत विष कालवत होती.

पोरगं घास गिळून म्हणालं, "मम्मी, काल जास्त टाकलं होतं."

*

शेवटी सर्वांत निर्धोक म्हणून प्राण्यांवरचा माहितीपट लावला. रिमोट सरांनी स्वतःकडे घेतला. हत्ती नदीत उतरला, की बंद. "यातून आपण काय शिकलो?" माकडाने उडी घेतली, की ती हवेतच बंद. "सांगा बरं, काय शिकलो?"

पहिल्या रांगेतलं एक पोरगं उभं राहिलं. "चांगलं आलं की सर बंद करतेत."

रडलं कोणी नाही. अर्धी लेकरं झोपली होती. शोभाताई दारातून म्हणाल्या, "रडायला आधी जागं तर असाया पाहिजे."

*

त्यानंतरचा पिक्चर मी आणि राठोड साहेबांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला. सर एका लग्नाला साखरा गावी गेले होते, त्यामुळे काम भराभर झालं. एक म्हातारा आणि त्याची बकरी, एवढीच गोष्ट. वाघ नाही, भूत नाही, कोणी मरत नाही. म्हातारा रोज संध्याकाळी फाट्यावर जाऊन मुलाच्या बसची वाट पाहतो आणि बकरी उतरणाऱ्यांच्या पिशव्यांत तोंड घालते. पास.

लेकरं बकरीला पाहून लोटपोट झाली. शेवटची बस आली. कोणीच उतरलं नाही. म्हातारा बकरीला म्हणाला, "चल, उद्या येऊ." बकरीने त्याचं उपरणं ओढलं आणि हॉल हसण्याने दणाणला.

तेवढ्यात माझ्या शेजारून हुंदका आला. मागोमाग दुसरा. कोणीतरी लाइट लावला. वाठोरे सर रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडत होते.

सगळी लेकरं वळून बघू लागली. किल्ली घेऊन शोभाताई दारात उभ्या. जुईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, धावत आली आणि सरांचा गुडघा हलवू लागली. "सर, गप बसा ना. शिवण लागंल."

सरांना काही थांबता येईना.

शोभाताई आत आल्या. सरांकडे पाहिलं, राठोड साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग किल्ली जुईच्या हातात ठेवली.

"आता पिक्चर तुमी लेकरांनीच निवडा, बाई," त्या म्हणाल्या. "फक्त या तिघांना झेपंल असा बघा."