यंदाचा आंबा कापायचा राहिला

एटापल्लीच्या स्टँडवर एसटी सुरू झाली होती आणि आई माझी पिशवी उलटीपालटी करत होती. कपड्यांखालून तिनं दोन कैऱ्या काढल्या. मीच लपवल्या होत्या.

"पंडुम झाल्याबिगर तोंडाले लावते काऊन? आधी डोंगराले, मंग आपल्याले. झाला का मी फोन करीन."

कैऱ्या तिनं पदरात बांधल्या. मी रागात तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी निघाली. सहा वर्षं झाली, ते न पाहणं अजून टोचतं.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारख्या पुण्याला आलेल्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, की नव्या आंब्यावर पहिला हक्क डोंगराचा. गायता, म्हणजे आमचा पुजारी, वर जाऊन आंबा वाहतो. तोच आमचा मरका पंडुम, नव्या आंब्याचा सण. तोवर गावात कुणी आंबा कापत नाही.

आमच्या खोलीत उन्हाळ्यातल्या रविवारचं सॅलड माझ्याकडे. काकडी, लेट्यूस, पालकाची कोवळी पानं, पुदिना. पानं गार पाण्यात बुडवायची, फडक्यावर निथळायची, हातानं तोडायची. ड्रेसिंग बाटलीतलं चालणार नाही. फळाचा गर, लिंबू, तेल, मिरी, मीठ बरणीत घालून खळखळ हलवायचं. फळ कोणतं? आईचा फोन येईपर्यंत संत्रं, फोन आला की आंबा.

"आला का गं तुमच्या डोंगराचा ओटीपी?" माझी रूममेट सायली चिडवते. मीही हसते.

यंदा पानं निथळत होती, सायलीनं आणलेले आंबे ओट्यावर होते, आणि फोन वाजला.

"पंडुम नाई झाला, पोरी."

डोंगराच्या पायथ्याशी खाणीचं फाटक बसलंय. वर जायचं तर नाव लिहा, आधार दाखवा. आमच्याच डोंगरावर जायला आम्ही पाहुणे! गायता म्हणे फाटकावरच्या माणसाला म्हणाला, "माहं नाव डोंगराले मालूम हाय. तुले सांगून काय करू?" आणि आंबा घेऊन माघारी आला.

खाणीविरुद्धची पत्रकं मी इथं बसून ढिगानं लिहिलीत. जल, जंगल, जमीन; सगळं ठळक अक्षरात. त्यांत आंबा कधी लिहिला नाही. ज्यांची घरं पाडली त्यांनाच विस्थापित म्हणत आले. आईचं घर तर उभं आहे. चूल पेटते, दार उघडतं.

"तू खाऊन घे," आई म्हणाली. "तिथी तुले कोण पाहून राह्यलं?"

"तू खाल्ला?"

कोय पांढरी होईस्तोवर चोखणारी ही बाई.

"मले आता गोड नाई लागत."

मला ओरडायचं होतं. कुणावर? आईनं मला मोकळं केलं होतं, आणि मला मोकळं व्हायचं नव्हतं. आपलं घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी आता पत्ता सांगत नाही. 'थांब, अजून नाही' असं जिथून मला कुणी म्हणतं, ते माझं घर. ते म्हणणंच आईनं त्या दिवशी सोडून दिलं.

सायलीनं काही न विचारता आंबे परत पिशवीत भरले. या वेळी मी तोंड फिरवलं नाही, तिच्याकडे पाहिलं. मग एक संत्रं सोलायला घेतलं.