पहिलं गिऱ्हाईक

टोपलीसमोर उभे राहिले की ते आधी उजवा हात पँटला पुसत. मग वाकून एकच वस्तू उचलत. एक लिंबू, अळूची एक जुडी, मूठभर सुकट. पैसे देताना म्हणत, "घे गो. आता बघ." टोपलीवाली बाई पैसे कपाळाला लावी आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे.

पेणच्या बाजारात तुम्ही सकाळी लवकर जात असाल, तर त्यांना पाहिलंही असेल. पांढरा बुशकोट, रबरी चपला, वय साठीच्या आसपास. आमच्या बातमीदारांच्या कार्यालयाने भाड्याने घेतलेली जीप ते चालवत. राहायला रामवाडीला. वडील धरमतरकडच्या मिठागरावर कामाला होते, एवढं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, त्यांच्या हातून झाली की टोपली रिकामी होते, असा बाजारात समज होता. तो कोणी पसरवला याची मी सवयीने चौकशी केली. सगळे धागे त्यांच्यापाशीच जात होते.

या समजाचा परिणाम जीपच्या मागच्या सीटवर दिसे. सात बायकांच्या सात वस्तू. घरी त्या सगळ्यांची मिळून एकच भाजी होते, असं ते सांगत.

"कालची कसली होती?" मी विचारी.

"नाव नाय तिला. चव हाय."

एका हिवाळ्यात मला पुरवणीसाठी लिहायचं होतं: पेण ते रोहा, एका दिवसातले बाजार आणि खाणं. निघताना ते म्हणाले, "साहेब, रोह्याला नवाच्या आत पोचायचं. शब्द दिलाय."

भवानी करायचा हा शब्द पेणजवळच्या जिते भागातल्या एका सुनेला दिला होता. ती पहिल्यांदाच पोह्याचे पापड घेऊन बाजारात बसणार होती. पेणला पापडाची दुकानं पावलोपावली, म्हणून ती सकाळच्या गाडीने रोह्याला जाणार होती. सासूने एकच दिवस दिला होता. पापड खपले तर पुन्हा जायचं, उरले तर विषय संपला.

मी बरं म्हणालो आणि पाळलं नाही. पेणच्या बाजारात जिताडा मासा विकायला आला होता, हातभर लांब. तो कापला जाईपर्यंत मी हललो नाही. पलीकडे चिंबोऱ्या टोपलीच्या काठावर चढत होत्या आणि विकणारी त्यांना नाव घेऊन दटावल्यासारखी आत ढकलत होती. मग बार्जचे फोटो हवेत म्हणून मी जीप उलट्या दिशेला, धरमतरला नेली. तिथे एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या छोट्या माशांचं, कालवण मिळालं. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्यांनी उभ्यानेच अर्धी भाकरी खाल्ली.

"चव घ्या साहेब, चव घ्या," ते घड्याळाकडे बघत म्हणाले.

रोह्याला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ती बाजाराच्या कोपऱ्यात बसली होती. पापडांवर पांढरं कापड, कडा नीट आत खोचलेल्या.

"काय गो, किती गेले?"

"एक पण नाय."

"गिऱ्हाईकच नाय आलं?"

"आली ना, बारा-पंधरा. सगळी परत पाठवली. तुमीच बोललात, मी येईपर्यंत कापड उचलू नको."

शेजारची सुक्या मासळीवाली तोंडाला पदर लावून हसत होती. "मी सांगून दमले. आख्खा बाजार जेवायला घरी गेला, आणि हिची भवानी जीपमदून येतेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हात पँटला दोनदा पुसला, कापड उचललं, एक पापड घेतला. "आता बघ" म्हणाले नाहीत. समोरच्या चहावाल्याकडे गेले, त्याचा चिमटा घेतला आणि पापड आचेवर धरला. मग भर रस्त्यात उभे राहून तो मोडला. आवाज चांगला लांब गेला. एक तुकडा रिक्षावाल्याला दिला, एक शाळेतून घरी निघालेल्या बाईंना, एक मला.

"साहेब, मीठ बरोबर हाय का?"

"बरोबर आहे."

"ऐकू नाय आलं."

मी पुन्हा सांगितलं. इतक्या मोठ्याने मी रस्त्यात कधी बोललो नव्हतो. चहावाला म्हणाला, "मला पण ठेव गो दोन पाकिटं." तिसरा पापड भाजेपर्यंत तिच्यासमोर माणसं उभी होती. परतीच्या गाडीआधी तिने कापडाची घडी केली. एक पापड मुद्दाम ठेवला होता, तो त्यांच्यापुढे धरला.

"मला कशाला? सासूला दे. भाजून दे."

येताना नागोठण्याजवळ ते म्हणाले, "साहेब, हाताचं काय नसतं. पापड चांगले होते."

"मग इतकी वर्षं हे काय चाललंय?"

"पहिलं गिऱ्हाईक यायला लय वेळ लागतो. तोवर बाईचा जीव त्या टोपलीत. कोणीतरी लवकर जायला पायजे." थोड्या वेळाने म्हणाले, "छापू नका."

तेव्हा छापलं नाही. गेल्या वर्षी ते गेले. आजारपण थोड्या दिवसांचं होतं.

या हिवाळ्यात मी रोह्याला गेलो, नवाच्या आत. तिच्याकडे आता टेबल आहे. शेजारी सासू पाकिटं बांधत बसली होती. कापडाच्या कडा अजून खोचलेल्या होत्या. सुनेने मला ओळखलं.

"भवानी करता?"

"माझा हात तसा नाही."

"त्यांचा पण नव्हता," ती म्हणाली. "मागून कळलं आमाला. बाजारात सगळ्यांनाच."

मी हात पँटला पुसला, एक पापड उचलला आणि चहावाल्याकडे जाऊन भाजला. रस्त्यात उभा राहून तो मोडला. सासूने पाकीट बांधता बांधता मान वर केली.

"मीठ बरोबर हाय का?"

मी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं.