गुंड्यांची बाजू

कस्टमच्या कचेरीत तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर 'मॅडम', पाठ वळली की भिंगबाई. तिला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं. परदेशातून आलेला कपडा कुठल्या रकान्यात बसतो ते ठरवणं हे तिचं काम. सुईवर विणलेला की मागावर, शर्ट की जाकीट, बायकांचा की पुरुषांचा. रकाना बदलला की कर बदलतो. एकतीस वर्षांत तिचा एकही निर्णय वरच्यांनी फिरवला नव्हता. हे वाक्य ती इतक्यांदा ऐकवी की नातेवाईक ते तिच्या आधीच पुरं करून टाकत.

निवृत्त झाल्यावर भिंग घरी आलं आणि खोडही. आजाऱ्याला भेटायला गेली तर तब्येतीची चौकशी नंतर, आधी चादरीची कड उलटून बघायची. घरातल्या कपाटाच्या प्रत्येक खणाला तिने चिठ्ठी लावली होती. नवरा होता तेव्हा विचारायचा, "आणि मला गं कुठे टाकलंयस?"

"'इतर'मध्ये. कुठेच बसत नाही ते तिथे जातं."

तो मनापासून हसायचा. तो गेल्यावर त्याचे चार स्वेटर तिने त्याच चिठ्ठीच्या खणात ठेवले. त्यांना मात्र भिंग लावलं नाही.

सुनेने नोकरी सोडून कपड्यांचं दुकान काढलं तेव्हा भिंगबाईला वाटलं, आता आपल्याशिवाय हिचं पान हलणार नाही. सुनेने सहा महिने काही म्हणजे काही विचारलं नाही. भिंगबाईने त्या सहा महिन्यांची डायरी नंतर वाचली, तर 'आजही काही विचारले नाही' असं अकरा वेळा लिहिलेलं सापडलं.

शेवटी एका दुपारी सून एक मोरपंखी रंगाचा शर्ट घेऊन खोलीत आली. "आई, असे तीनशे मागवलेत. बिलावर नुसतंच 'शर्ट' लिहिलंय. कस्टममधून माल सोडवणारा एजंट विचारतोय, कुठल्या रकान्यात दाखवू?"

"ठेव इथे. घाई करू नकोस."

सून गेली. भिंगबाईने दार लोटून घेतलं. भिंग लावून वीण पाहिली: सुईवरची. कमरेखाली खिसा नाही, म्हणजे जाकीट नव्हे, शर्टच. बेतणी सरळसोट, बाई-पुरुष कोणालाही चालेल अशी. आता उरली गुंड्यांची बाजू. डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषांचा, उजवी डावीवर आली तर बायकांचा. शिकाऊ उमेदवारालाही कळेल इतकी सोपी गोष्ट.

पण तो रंग! कचेरीत नमुना अंगात घालायला सक्त मनाई होती. इथे कोण होतं बघायला? तिने शर्ट चढवला, स्वतःच्या हातांनी वरपासून खालपर्यंत गुंड्या लावल्या आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. रंग खुलत होता. अगदी दहा वर्षांनी नाही, पण सहा-सात वर्षांनी नक्की लहान दिसत होती. कौतुक आवरल्यावर तिने आरशात बघूनच गुंड्यांची बाजू ठरवली.

"पुरुषांचा," तिने सुनेला सांगितलं.

"पण आई, मी तर बायकांसाठी मागवलेत."

"तू कोणासाठी मागवलेस ते कस्टमवाल्यांना सांगू नकोस. तिथे गुंड्या बोलतात. एकतीस वर्षांत माझा एकही निर्णय..."

"फिरला नाही," सून म्हणाली आणि एजंटला फोन लावायला गेली.

आठवड्याने माल अडकला. खोकी उघडली, तर तीनशेच्या तीनशे शर्टांची उजवी बाजू वर. कागदावर पुरुषांचे, खोक्यात बायकांचे. पटण्याजोगा खुलासा आला नाही तर चौकशी लागणार, आणि चौकशी संपेपर्यंत थंडी कधीच सरलेली असणार. उन्हाळ्यात लोकरीचे शर्ट कोण घेतं? दुकानाने परदेशातून मागवलेला पहिलाच माल होता तो.

सुनेने एका शब्दाने टोचलं नाही. ते जास्त लागलं. दोन घास बोलणी खाऊन मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं.

एजंट म्हणाला, "मॅडम, नमुना वेगळा आला होता असं लिहून टाकू. बनवणारा काय विचारायला येतोय?"

भिंगबाईने त्या वाक्यावर रात्रभर विचार केला. अभिमानाने सांगण्यासारखं नाही, पण केला. सकाळी उठून तिने सुनेला बरोबर घेतलं, शर्ट पिशवीत घातला आणि खुलाशाचा कागद लिहिला: 'नजरचुकीने पुरुषांचे असे दाखविले गेले.'

तिच्या जुन्या टेबलापाशी आता जे साहेब बसत होते, त्यांना तिनेच शिकवलं होतं. खिडकीच्या या बाजूला ती पहिल्यांदाच उभी राहत होती. इथली बाकं इतकी अरुंद आहेत हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला, तांबड्या पेनाने एक ओळ लिहिली आणि अदबीने परत दिला. ओळ होती: 'नजरचुकीने हा खुलासा नव्हे. नजर कशी चुकली ते लिहावे.'

सुनेने वाकून वाचलं. "हे काय उत्तर झालं?"

"माझंच आहे ते," भिंगबाई पुटपुटली. हजारेक कागदांवर तिने ही ओळ लिहिली असेल. खिडकीच्या या बाजूने ती कशी वाचली जाते ते आज कळलं.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "नमुनाच वेगळा होता का? तसं असेल तर तसं सांगा."

दार उघडंच होतं. आत शिरायचं तेवढं बाकी होतं.

"नमुना हाच होता," ती म्हणाली. "मी तो अंगात घातला."

"नमुना?"

"रंग आवडला म्हणून."

मागच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं. भिंगबाईने पिशवीतून शर्ट काढून समोर पसरला. "हे बघा. असा पसरला की घालणाऱ्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. म्हणून मी जन्मभर बाजू मनात उलटी करून वाचली. आरशात मात्र माझी उजवी बाजू माझ्या उजव्याच हाताला दिसते. सवयीने मी तीही उलटी केली."

"पण मॅडम, गुंड्या तर तुम्हीच लावल्या ना?"

"हातांना कोण विचारतंय? मी चेहरा बघत होते."

आधी सून हसली. मग साहेब, मग टायपिंगवाली. तिने उठून बेसिनजवळच्या आरशासमोर खरंच हात वरखाली करून पाहिले आणि "हो की!" म्हणाली. भिंगबाईने हे सगळं, चेहऱ्यासकट, दीड पान भरून लिहून दिलं. साहेबांनी शेरा मारला: 'खुलासा पटतो. दुरुस्ती मान्य.' चार दिवसांनी माल सुटला. आणखी महिन्याने कळलं की दीड पानाची एक प्रत नव्या उमेदवारांना वाचायला देतात. तिच्या एकतीस वर्षांच्या निर्णयांपैकी एकाचाही असा मान झाला नव्हता.

खुलासा लिहून दिला त्या दिवशी डायरीत तिने लिहिलं होतं: 'चुकले. रंग मात्र चांगलाच होता.'

पुढचा नमुना सुनेने आणला तेव्हा भिंगबाई दचकलीच. तिला वाटलं होतं, आता पुन्हा 'आजही काही विचारले नाही' सुरू होणार. सुनेने कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकला, चारी बाजूंनी नीट ओढून घेतला, आणि नमुना टेबलावर पसरून ठेवला.

"हं, आई," ती म्हणाली, "आता सांगा."