दादाच्या गळ्यातलं डोंगल

गोरेगाव या लहानशा गावातल्या आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर दोन आणि डोंगल एकच. डोंगल म्हणजे पेनड्राईव्हसारखी बोटाएवढी काळी वस्तू; ती मशीनला लावल्याशिवाय लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं सॉफ्टवेअर उघडतच नसे. दादा ते काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायचा. गिऱ्हाईकं विचारायची, हा कोणत्या बाबाचा ताईत? फोटो काढायचा दादा, अल्बम करायची मी, आणि डोंगल मात्र त्याच्या गळ्यात. शूटिंगला जाताना तो काढून द्यायला विसरला, की माझा अख्खा दिवस बोंबलला. काय भांडलोय आम्ही त्यावरून!

माझं लग्न डोंगरकडा या गावी ठरलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. सून घरी बसून काम करील तर आमची हरकत न्हाई, असं सासऱ्यांनी आपणहून सांगितलेलं. पण डोंगलशिवाय काम कसलं करणार, कपाळ? ते तर स्टुडिओचं, लग्नसराईत दादाला रोज लागणारं. सहा वर्षं हात बसवला आणि आता नुसत्या भाकरी थापायच्या, या विचारानं मला रडूच यायचं.

अशात कंपनीनं नवीन व्हर्जन काढलं. डोंगल न्हाई, काही न्हाई! नेटवर लॉगिन करा, पासवर्ड टाका, वर्षाला पैसे भरा, कुठंही बसा. मी नाचायचीच तेवढी बाकी राहिले होते. माझ्या लॅपटॉपवर पंधरा दिवसांचं फुकटचं टाकलं, आणि ते उघडलं तेव्हा आईला चुलीपासून ओढत आणून दाखवलं. तिला त्यातलं काय कळणार, पण तीही हसली. दादा तेवढा तोंड वाकडं करून बसला. त्याचं म्हणणं, हे भाड्याचं घर झालं. मालकानं कुलूप घातलं की बसा अंगणात. मी म्हटलं, तुझ्या ताईतापेक्षा बरं.

मोठी माणसं सासरचं घर पाहायला निघाली, तेव्हा लॅपटॉप दादाच्या हाती सोपवला. तिथं सॉफ्टवेअर उघडून बघ, एवढंच काम. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जीपचा आवाज आला तशी मी दारात. दादानं लॅपटॉप माझ्या हातात दिला.

"न्हाई उघडलं. घर गावाबाहेर, शेतातल्या आखाड्यावर आहे. नुसतं गोल फिरून राहिलं होतं."

विहिरीच्या कठड्यावर चढलं तर जराशी रेंज येते, असंही म्हणाला. माझं डोकंच फिरलं.

"तुला ते नकोच होतं. तू उघडून पाहिलंच न्हाईस."

त्यानं कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि स्टुडिओत निघून गेला. मी लगेच नवरदेवाला फोन लावला, आडून आडून विचारलं, तर तेही विहिरीवरूनच बोलत होते! म्हणजे दादा खरं बोलला होता. तरी माझा ताठा उतरेना. लग्नापर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट नांदवा म्हणून बजावायचं आणि हवं ते मागून घ्यायचं. मांडवातली माणसं ओरडून राहिली होती, अंगठी मागा, मोटारसायकल मागा. दादानं कान असा पिळला की नवरदेव खरोखर कळवळले.

"दाजी, मला एक टेबल पाहिजे. खिडकीपाशी. बाजूला लाईटचा बोर्ड. आणि ही कामाला बसली की कुणी उठवायचं न्हाई."

मांडवात हशा पिकला. नवरदेवांनी कान चोळत कबूल केलं. मग दादानं नव्या सदऱ्यातून काळा दोरा वर ओढला, डोक्यावरून काढला आणि डोंगल माझ्या मेंदीच्या हातावर ठेवलं. डोंगलला नेट लागतच नाही, हे माझ्या डोक्यात कसं आलं नव्हतं? आलं असतं तरी मागायची छाती झाली नसती.

"आणि तू?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कालच घेतलं ते भाड्याचं," दादा म्हणाला. "इथं नेट आहे ना."

त्याच्या अंगाची ऊब अजून डोंगलला होती. भटजींनी दोनदा सांगितलं, ताई, हात मोकळे करा, लाह्या घ्यायच्यात. माझी मूठ काही उघडेना.