साडूंची दुरुस्ती

अमेरिकेच्या राज्यघटनेवर आमच्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस खुद्द अमेरिकेतही सापडायचा नाही, आणि साडू अमेरिकेला एकदाही गेलेले नाहीत. राहायचे हॅमिल्टनच्या रोटोटुना उपनगरात, नोकरी दुधाच्या भुकटीच्या कारखान्यात इंजिनिअरची. पण बार्बेक्यूवर पनीर परतता परतता एकदम अठराव्या शतकात शिरायचे. नागरिकांचे हक्क घटनेत लिहावेत की नकोत, यावरून तिकडे जुंपलेलं भांडण त्यांना भावकीतल्या वाटण्यांसारखं पाठ. एक पक्ष म्हणे, लिहिले नाहीत तर सरकार गिळंकृत करील. दुसरा म्हणे, लिहिले तर यादीत राहून गेलेले हक्क बुडालेच समजा. दोन्ही बाजू साडू एकटेच मांडत, त्यामुळे पनीर बहुधा करपायचं. एकदा त्यांनी घरातही हक्कांची सनद आणली. लेकीला, रियाला, पहिला हक्क दिला बोलण्याचा. तिने तो तिथल्या तिथे बजावला, "बाबा, प्लीज स्टॉप टॉकिंग."

पुढे आमच्या हॅमिल्टनच्या मराठी मंडळाने नियमावली करायला घेतली. त्यात एक नियम होता, गणपतीत स्टेजवर फक्त मराठीच बोलायचं. साडू उभे राहिले. "आधी सभासदांचे हक्क लिहा. मोडकंतोडकं बोलणाऱ्या पोरांनाही स्टेजवर यायचा हक्क आहे."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, आपण सगळी घरचीच माणसं. लिहायचं कशाला?"

"तिकडेही हेच म्हणाले होते."

चहा निवत चालला तेव्हा बाईंनी तोडगा काढला, आज नियमावली मंजूर करू, हक्कांची दुरुस्ती पुढच्या सभेत. साडू खूश. गाडीत मला म्हणाले, "तिकडे अगदी असंच झालं. आणि त्यांनी शब्द पाळला."

आमच्या मंडळाने पाळला नाही. रियाने अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी अशी एक गोष्ट बसवली होती. ती कार्यक्रमातून गळली. गणपतीच्या संध्याकाळी रिया मागच्या रांगेत पायातल्या रबरी जॅन्डल्सने जमीन खरवडत बसली होती. साडू मात्र दर सभेला उठून दुरुस्ती मांडत राहिले. लोक हसायचे. मग त्यांना क्राइस्टचर्चला नोकरी लागली आणि कुटुंब तिथल्या हॉर्नबी उपनगरात गेलं.

परवा अध्यक्षबाईंनी स्वतःच ती दुरुस्ती मांडली. त्यांचा नातू आता बोलायला लागलाय, इंग्रजीत. एकानेही विरोध केला नाही. मी साडूंना फोन केला.

"लेखी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. रियाला या वर्षी इकडे पाठवा."

"ती मोठी झाली रे. गणपतीला जायलाच हवं का, म्हणते." मग स्वतःच म्हणाले, "तोही हक्कच आहे म्हणा तिचा."

मी पुढच्या व्याख्यानाची वाट पाहत राहिलो. पण साडूंनी विषयच बदलला, "तिकडे थंडी कितपत आहे?"