पल्लवीच्या गॅलरीतली पट्टी

पायाखालचा स्लॅब जाण्याआधी काही आवाज करतो का, की मुकाट्याने जातो, हे कल्पनाला लेकीला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. तेजस्विनी सकाळी पोहे खाऊन, जाड तळव्याचे बूट घालून निघाली की हा प्रश्न घरात मागे राहायचा. कुकर लावताना तो असायचा, दुपारी आडवं होऊन छताकडे बघतानाही असायचा.

तेजस्विनीचं काम दुकानं, लॉज, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास असल्या इमारती तपासण्याचं. शहरातल्या फ्रीगंज भागातल्या एका छोट्या फर्ममध्ये ती इंजिनिअर होती. सिंहस्थ जवळ यायला लागल्यापासून यात्रेकरूंच्या आशेने ज्याला त्याला वर एक मजला चढवायचा होता. खालची इमारत तो पेलेल का, हे विचारायला तेजस्विनीला बोलवायचं, आणि तिने नाही म्हटलं की तोंड वाकडं करायचं. "मॅडम, चालीस साल से खड़ी है," हे तिने इतक्यांदा ऐकलं होतं की घरात वडिलांनी गुडघ्याची तक्रार केली तरी ती तेच म्हणायची.

संध्याकाळी ती यायची तेव्हा भुवयांवर चुन्याची पांढरी भुकटी असायची. दारातल्या स्टुलावर बसायची आणि बूट काढायचंच विसरायची. चहा निवून जायचा. एवढं थकण्याचं वय आहे का हे, असं कल्पनाच्या मनात येई. पण बोलून दाखवलं तर पोरगी उद्यापासून थकवाही लपवेल, म्हणून ती गप्प राही.

ऐकून ऐकून कल्पनालाही ते काम कळायला लागलं होतं. आत शिरण्याआधी तेजस्विनी समोरच्या बाजूला उभी राहून इमारत नुसती बघते. भिंतीला कुठे पोट आलंय, गच्चीवर पाण्याची टाकी नंतर कुणी आणून ठेवली, जाहिरातीचा सांगाडा कठड्याला कसा जखडलाय. मग आत जाऊन छोट्या हातोडीने प्लास्टर वाजवते. भरीव असेल तर ठक्क, सुटलं असेल तर ढब. छतावर तांबूस डाग म्हणजे आत लोखंड गंजतंय. केसासारख्या भेगा ती सोडून देते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग नाही सोडत. जिन्याखाली मीटर आणि त्यांना टेकून रिकामी खोकी दिसली की तिचं डोकं फिरतं. ही सवय कुठेच सुटत नाही. मागे एका स्थळाकडे चहाला गेल्यावर तिने मुलाऐवजी छताकडे बघून विचारलं होतं, ही ओल कधीपासून आहे. पुढे त्या लोकांचा फोन आला नाही.

साइटवरचे तिचे दोन नियम होते. एकटीने वर जायचं नाही. बरोबर श्रीनाथजी असायचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे मिस्त्री. ते खाली उभे राहून वर लक्ष ठेवत. दुसरा नियम आईसाठी होता: फोन करायचा नाही. एकदा तेजस्विनी शिडीवर असताना कल्पनाचा फोन आला होता आणि दचकून तिचा पाय सरकला होता. तेव्हापासून खाली उतरल्यावर तीच एक मिस्ड कॉल द्यायची. श्रीनाथजींचा नंबर मात्र तिने फ्रीजवर चिकटवून दिला होता. "घराचं छप्पर कोसळलं तरच," असं बजावून.

पावसाळ्यात तिच्याकडे माधव नगरातली पल्लवीची इमारत आली. पल्लवी कल्पनाची जुनी मैत्रीण, शाळेत चित्रकला शिकवायची. नवरा गेल्यापासून घर चालायचं ते त्या इमारतीच्या भाड्यावर. खाली दुकानं, वर कोचिंग क्लास, आणि रस्त्यावर पुढे आलेली लांब गॅलरी. सुट्टी झाली की मुलांची तिथे झुंबड उडायची. ही गॅलरी भिंतीला जिथे मिळते तिथेच तेजस्विनीला भेग दिसली. गॅलरीत कुणी जाऊ नये म्हणून तिने रस्सी बांधली, खालून लोखंडी टेकू दिले आणि भेगेवर आडवी प्लास्टरची पट्टी बसवून तिच्यावर तारीख लिहिली. पट्टी अखंड राहिली तर भेग जुनी आहे, थांबलेली आहे. भरून घेता येईल. पट्टी तुटली तर भेग वाढतेय, मग गॅलरी उतरवावीच लागेल. गॅलरी उतरवायची तर महिनोन्‌महिने धूळ, आणि क्लासवाले दुसरी जागा बघत असल्याचं आधीच बोलत होते.

"माझ्याच पोरीने मला दोरी बांधली," असा टोमणा पल्लवीने मारला खरा, पण टेकूंना हात लावू दिला नाही. खालचे दुकानदार रोज कुरकुरत होते.

दिवाळी झाली. काल तेजस्विनी पट्टी बघून आली ती कधी नव्हे इतकी सैल होऊन. पट्टी अखंड होती. आठवड्यातली कितवी इमारत होती कोण जाणे, तिचे डोळे मिटत होते, पण ती हसली. "मावशी सुटली," म्हणाली. "उद्या दुपारी टेकू काढतो. रस्सी सोडून आधी मी उभी राहते गॅलरीत, मग कारागीर भेग भरतील."

आज दुपारी पल्लवी स्वतः बेसनाचे लाडू घेऊन आली. डबा ओट्यावर ठेवला, पंख्याखाली बसली, तेजूचं कौतुक करत राहिली. आपल्या मागे केवढं टेन्शन होतं आणि पोरीने कसं मोकळं केलं, हे सांगून झालं. मग तिला आठवलं.

"आणि तिची ती पट्टी बघ. रंगारी आला तेव्हा पाहिलं तर मधोमध तडकलेली. दिवाळीत मी तुटकं काही ठेवत नाही, तुला माहितीये. आरसा तडकला तो टाकला, कपाची दांडी गेली तो टाकला. म्हटलं तेजूने एवढ्या मेहनतीने लावली, तिला काय वाटेल. हुबेहूब नवी बनवली. तारीखसुद्धा आधी ट्रेस करून घेतली, तिचा तो वाकडा सात आहे ना, तस्सा."

कल्पनाच्या हातातली बशी तशीच राहिली.

"तेजूला सांगितलंस?"

"त्यात सांगायचं काय? तिला कळलंही नाही." पल्लवीच्या चेहऱ्यावर चित्रकलेच्या बाईंचा जुना अभिमान होता.

"पल्लवी, ती तुटते का हे बघायलाच लावली होती."

पल्लवीला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा हात लाडवाच्या डब्यावरून हळूच मागे आला. मी फक्त सफाई केली गं, असं ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली. मग खालच्या आवाजात, जणू दुसऱ्या खोलीत कुणी झोपलंय, "आज नको ना सांगू. क्लासवाले जातील. मी काय करू मग?"

या बाईने कल्पनाच्या बाळंतपणात डबे पाठवले होते. तेजूला पेन्सिल धरायला हिनेच शिकवलं होतं. तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं; वाटलं, बसून राहावं, चहा ठेवावा, संध्याकाळ होऊ द्यावी.

पण मिस्ड कॉल अजून आला नव्हता. म्हणजे तेजस्विनी अजून वर होती, आणि खाली टेकू काढत असतील.

ती उठली. लेकीला फोन लावायला गेलेलं बोट तिने आवरलं. फ्रीजजवळ जाऊन, चष्मा वर सरकवून, श्रीनाथजींचा नंबर एकेक आकडा बघत दाबला. पल्लवीने डब्याचं झाकण लावलं आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवून ती कल्पनाकडे बघत राहिली. कल्पनाने तिच्याकडे पाठ केली नाही. तिच्याकडे बघतच तिने फोन कानाला लावला.